आधी नळ, मग तक्रार

गेल्या पावसाळ्यात माझ्या अकरावीच्या वर्गातला एक मुलगा लंगडत आला. विचारले तर म्हणाला, “सायकलवरून पडलो, सर.” खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी कळली. भोसरीच्या एमआयडीसीतून घरी जाताना कुत्र्याने त्याची पोटरी धरली होती आणि आई रागावेल म्हणून त्याने जखमेवर हळद दाबून ती झाकली होती. त्याला तसाच रिक्षात घालून दवाखान्यात नेले. राग आला तो मात्र माझाच. सरासरी वेगाची गणिते मी त्याला घालतो, पण जिथे वेगावर जीव अवलंबून असतो, ते उदाहरण कधी दिले नव्हते.

ते आता देतो. मज्जातंतूंतून स्पर्शाचा संदेश सेकंदाला कित्येक मीटर धावतो. रेबीजचा विषाणू त्याच वाटेने मेंदूकडे निघतो, पण दिवसाला काही मिलिमीटर, फार तर काही सेंटिमीटर. म्हणून लक्षणे दिसायला बहुधा दोन-तीन महिने जातात. क्वचित आठवडाच, क्वचित वर्षही. इकडे लस टोचल्यावर प्रतिपिंडे तयार व्हायला साधारण ७ ते १४ दिवस लागतात. ही शर्यत आपण जिंकू शकतो, पण वेळेवर धावायला सुरुवात केली तरच. लक्षणे दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. चेहरा मेंदूला जवळ, म्हणून तिथला चावा अधिक घातक.

मग साबण कशाला? या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे वेष्टन असते. साबणाचा रेणू एका टोकाने तेलाला धरतो, दुसऱ्याने पाण्याला. वेष्टन फाटते आणि वाहते पाणी उरलेसुरले घेऊन जाते. याला घड्याळ लावून १५ मिनिटे द्यायची. (वर्गात १५ मिनिटे गप्प बसून पाहा, म्हणजे ती किती लांब असतात ते कळेल!) हळद, चुना, मिरचीपूड यांतले काहीही लावू नये.

त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पिंपरीत महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. रक्त आले असेल, तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन जखमेतच टोचतात. आपली प्रतिपिंडे तयार होईपर्यंत ही उसनी प्रतिपिंडे पहारा करतात. लस त्वचेत दिली तर ०, ३, ७ व २८ व्या दिवशी, स्नायूत दिली तर १४ व्या दिवशीही. आजी सांगते ती पोटातली चौदा इंजेक्शने केव्हाच बंद झाली. धनुर्वाताचेही डॉक्टरांना विचारावे. कुत्रा ओळखीचा असेल तर त्याला मारू नये, दहा दिवस नजरेखाली ठेवावे. पण लस त्यासाठी थांबवू नये.

कायदा यानंतर. पाळलेल्या कुत्र्याबाबत मालकाने हयगय केली असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यासाठी पोलिसांकडे जावे. दवाखान्याचे कागद जपून ठेवावेत. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण २०२३ च्या नियमांप्रमाणे स्थानिक संस्थेने करायचे असते, म्हणून ती तक्रार महापालिकेकडे. पुष्कळ लोक जखम न धुता आधी मालकाशी भांडायला जातात, याचे मला नवल वाटते.

शिक्षकांनाही एक सांगणे आहे. दर जूनमध्ये एक तास नळापाशी घ्यावा आणि चावा सांगणाऱ्या मुलाला “तू तिकडे गेलासच कशाला?” असे विचारू नये. माझ्या त्या मुलाने तेवढ्याच प्रश्नाच्या भीतीने एक दिवस घालवला. त्याची अठ्ठाविसाव्या दिवसाची मात्रा नेमकी चाचणीच्या सकाळी आली. त्याचा पेपर मी दुपारी घेतला.