बचावपटूही प्रशिक्षक घडतात



गेल्या अंकातील फुटबॉलवरचा लेख रंगला खरा. पण चांगला प्रशिक्षक आघाडीच्या फळीतूनच घडतो, हे त्यातले विधान पटत नाही. सावंतवाडी ओलांडून गोव्यात डोकावले तरी ते टिकत नाही.

महेश गवळींचेच घ्या. टाटा फुटबॉल अकादमीत तयार झालेले हे गोव्याचे बचावपटू. २००३ मध्ये जाकार्तात आसियान क्लब चषक जिंकणाऱ्या ईस्ट बंगालमध्ये ते होते. पुढे धेंपोकडून खेळले. निवृत्तीनंतर राष्ट्रीय संघाचे सहायक प्रशिक्षक झाले. २०२३ च्या बंगळुरूतील सॅफ स्पर्धेत मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमाच निलंबित झाले आणि उपांत्य व अंतिम सामन्यांची सूत्रे गवळींकडे आली. लेबनॉन आणि कुवेत, दोन्ही लढती पेनल्टी शूटआउटपर्यंत ताणल्या. भारताने दोन्ही जिंकल्या.

डेरिक परेरा हेही साळगावकर क्लबचे बचावपटू. त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग पटकावली.

मागे उभ्या खेळाडूला दोन्ही संघांच्या हालचाली समोर दिसतात. आपल्याकडे मात्र चपळ पोर पुढे, उरलेले मागे, अशीच वाटणी होते. लेखकाने यावरही लिहावे.

– एक वाचक, मालवण