"सगळे मिळून बघू" म्हणालात की प्रोजेक्ट बुडालाच समजा

टीमचं काम कसं पार पाडायचं यावर व्हिडिओ केला, पण एक मुद्दा घाईत राहिला. माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी माझीच फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही तिघा मित्रांनी अक्षय्य तृतीयेसाठी पुण्याच्या ८० खोक्यांची हापूसची ऑर्डर घेतली. एकाने बाग सांभाळली, एकाने गाडी ठरवली, मी गिऱ्हाईक आणि पैसे बघितले. "पुठ्ठ्याचे खोके आणायचेत" असा मेसेज ग्रुपवर पडला. तिघांनीही अंगठा दाखवला. आणि तिघांनाही वाटलं की दुसरा कोणीतरी आणतोय!

आंबा आढीत तयार, गाडी दारात, आणि खोक्यांचा पत्ता नाही. ऐन सीझनला खोके मिळायला दोन दिवस गेले. तोवर निम्मा माल इतका पिकला की प्रवासात टिकला नसता. तो इथेच पडेल भावात विकला. पैसे गेलेच, पण त्याहून वाईट म्हणजे आम्ही सहा महिने एकमेकांशी नीट बोललो नाही.

मेहनतीत कोणी कमी पडलं नव्हतं. कमी पडलं ते एक नाव. खोक्यांसमोर कोणाचंच नाव नव्हतं.

आता आपल्या दारातलंच मोठं उदाहरण बघा. कोकण रेल्वे. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं, प्रमुख होते ई. श्रीधरन. रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर, सुमारे ७४० किलोमीटर, ९१ बोगदे, दोन हजारांच्या आसपास लहान-मोठे पूल. एवढं काम "सगळे मिळून" झालं असतं का? मार्गाचे सात विभाग केले: महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार, उडुपी. प्रत्येकावर एक मुख्य अभियंता. म्हणजे तुकडा ठरलेला आणि माणूसही ठरलेला.

काही जण म्हणतील, "दादा, तो सरकारी पसारा, आम्ही तर चौघं जण." माझं म्हणणं उलट आहे. मोठ्या कंपनीत चूक पचते. आपल्याकडे एका चुकीत पूर्ण सीझनचं भांडवल जातं. म्हणून नाव लिहिण्याची गरज आपल्यालाच जास्त आहे.

दुसरी गोष्ट. नुसतं काम देऊ नका, अधिकारही द्या. खोके आणणाऱ्याने प्रत्येक शंभर रुपयांसाठी तुम्हाला फोन करायचा असेल, तर काम त्याचं नाही, तुमचंच आहे. "पाच हजारांपर्यंत तू ठरव, हिशोब संध्याकाळी दे" एवढं बोललं तरी माणूस जबाबदारीने वागतो.

तिसरी गोष्ट, सगळ्यात अवघड काम आधी हेरा. कोकण रेल्वेचं लक्ष्य पाच वर्षांचं होतं, पण पूर्ण मार्ग खुला झाला तो २६ जानेवारी १९९८ ला. एक मोठं कारण म्हणजे मऊ मातीतले बोगदे. गोव्यातला पेडण्याचा बोगदा खणताना पुन्हा पुन्हा ढासळायचा. पण तो होईपर्यंत बाकीचे लोक हातावर हात ठेवून बसले नाहीत. जो टप्पा तयार झाला तिथे गाडी सुरू केली. १९९३ मध्येच मंगळूर-उडुपी गाडी धावायला लागली होती.

तुमच्या धंद्यातला "पेडण्याचा बोगदा" कोणता? खाद्यपदार्थ असतील तर लायसन्स. बचत गटाचा स्टॉल असेल तर वेळेत पॅकिंग. आमच्यासाठी खोके होते, आणि आम्ही त्यांना किरकोळ समजलो.

"मित्रांत काय लिहून घ्यायचं, बरं दिसत नाही," हे मी खूप ऐकतो. मीही तेच म्हणायचो. मंडळी, न लिहिल्यामुळेच आमची मैत्री मोडता मोडता राहिली. कागद म्हणजे अविश्वास नाही. उद्या "मी कुठे म्हणालो होतो?" हा वाद होऊ नये, म्हणून तो असतो.

तेव्हा आज एवढंच करा. वहीच्या एका पानावर चार रकाने पाडा: काम, एकाच माणसाचं नाव, तारीख, खर्चाची मर्यादा. तारखा डिलिव्हरीच्या दिवसापासून मागे मोजत या आणि दोन दिवस हातचे ठेवा. ते पान सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. आणि "हो" तोंडाने म्हणायला लावा, अंगठा चालणार नाही!

पुढच्या वर्षी आम्ही तिघांनी पुन्हा ऑर्डर घेतली. ५० खोकी, पण एकही उशिरा नाही. खोक्यांसमोर या वेळी माझं नाव होतं.