येऊरचं जंगल म्हणजे ठाण्याचा व्हॅक्यूम क्लीनर नव्हे!

हवेचा विषय निघाला की ठाण्यात एक ठरलेलं उत्तर मिळतं. "आपल्याला कसली काळजी? शेजारी येऊर आहे, नॅशनल पार्क आहे. शहराची फुफ्फुसं आहेत ती!" नेते हेच बोलतात, बिल्डरच्या जाहिरातीत हेच छापलेलं असतं आणि आपणही मान डोलावतो. कोपरीकरांनो, नौपाडेकरांनो, घोडबंदरवाल्यांनो, हे उत्तर अर्धवट आहे. आणि या अर्धवट उत्तरामुळेच धूर करणारे सुटतात.

जरा विज्ञान समजून घेऊ, अवघड नाहीये.

झाडं फक्त प्राणवायू सोडत नाहीत. उन्हात पानांमधून आयसोप्रीन, टर्पीन असे वायूही बाहेर पडतात. वड-पिंपळाच्या कुळातली झाडं, बांबू यांतून आयसोप्रीन भरपूर निघतं. जगभरातली झाडं मिळून वर्षाला सुमारे ५० कोटी टन आयसोप्रीन सोडतात. हवेतले हायड्रॉक्सिल आणि ओझोन या वायूंवर काम करतात, त्यातून जड पदार्थ बनतात आणि ते अतिसूक्ष्म कणांच्या रूपात तरंगत राहतात. हे निसर्गाचं कामच आहे, लाखो वर्षं चाललेलं. स्वच्छ हवेत ते हळूहळू चालतं.

आता यात गाडीचा धूर घाला. इंजिनातून नायट्रोजनची ऑक्साइडं निघतात. त्यांच्यामुळे वापरून झालेलं हायड्रॉक्सिल पुन्हा तयार होतं, वर ओझोनही वाढतो. म्हणजे मंद जळणाऱ्या चुलीवर फुंकर मारल्यासारखं. झाडं तीच, त्यांचे वायू तेच, पण कण कितीतरी जास्त!

हे कोणी चहाच्या टपरीवर ठरवलेलं नाही. ब्राझीलमध्ये ॲमेझॉनच्या जंगलाच्या मधोमध मनाउस नावाचं वीस लाखांवर वस्तीचं शहर आहे. चहूबाजूंनी जंगल, मध्ये एकटं शहर. २०१४-१५ मध्ये शास्त्रज्ञांनी तिथे विमानातून आणि जमिनीवरून हवा मोजली. शहराचा धूर जंगलावरून जातो तिथे आणि जात नाही तिथे, अशी तुलना केली. २०१९ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये निष्कर्ष आला: शहराच्या धुरामुळे जंगलाच्या वायूंपासून बनणारे कण सरासरी ६० ते २०० टक्क्यांनी वाढतात, काही ठिकाणी ४०० टक्क्यांपर्यंत.

आता ठाण्याकडे या. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ना? दुपारी खारे वारे समुद्राकडून येतात. वाटेत मुंबईच्या पश्चिम उपनगरांचा धूर उचलतात, सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या उद्यानावरून जातात आणि खाली ठाण्यात उतरतात. आधी शहर, मग जंगल, मग आपण. रात्री मतलई वारे उलटे वाहतात आणि आपला धूर जंगलाकडे ढकलतात. सकाळी ऊन पडलं की पुन्हा सगळं सुरू.

मनाउसचे टक्के जसेच्या तसे आपल्याला लावता येणार नाहीत, हे मान्य. तिथे मूळ हवा स्वच्छ होती, आपली आधीच भरलेली आहे, आणि नायट्रोजनची ऑक्साइडं फार झाली की रसायनं वेगळी वळणं घेतात. पण म्हणून तर थोडीशी कपात करून फोटो काढण्यात अर्थ नाही, कपात मोठीच लागेल.

आता काही हुशार लोक म्हणतील, "मग दोष झाडांचा!" हे गाणं जुनं आहे. अमेरिकेत १९८० च्या निवडणुकीत रोनाल्ड रेगननी झाडांवरच प्रदूषणाचं खापर फोडलं होतं आणि लोकांनी त्यांची टिंगल केली होती. अहो, झाडं तुमच्या डिझेलच्या आधीपासून तिथे आहेत! पानांचे वायू थांबवता येत नाहीत, थांबवायचेही नाहीत. तीच झाडं सावली देतात, धूळ अडवतात, पाणी धरतात. जे थांबवता येतं ते इंजिनातून निघतं.

आणि आपण थांबवतो काय? धूळ! राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटच्या २०२४ च्या अहवालानुसार त्यातला ६४ टक्के निधी रस्त्यांच्या धुळीवर गेला. वाहनांसाठी १३ टक्केसुद्धा नाही. कार्यक्रमाचं यश मोजायचं तेही मुख्यतः पीएम १० वर, म्हणजे जाड्या कणांवर. पाण्याचे फवारे मारून धूळ बसेलही. पण नायट्रोजनची ऑक्साइडं काय फवाऱ्याला घाबरतात? आणि त्यांच्यापासून बनणारे कण पीएम २.५ पेक्षाही बारीक, थेट फुफ्फुसात खोलवर जाणारे.

त्यात येतोय ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचा प्रकल्प, एकूण ११.८ किलोमीटरचा. प्रवासाचा वेळ वाचेल, नाकारत नाही. पण बोगदा धूर गिळत नाही साहेब, बाहेर सोडतो. आणि त्याचं ठाण्याकडचं तोंड टिकुजिनीवाडीला आहे, जंगलाच्या उशाशी!

तेव्हा मागण्या सरळ आहेत:

१) येऊरमध्ये आणि बोगद्याच्या दोन्ही तोंडांशी नायट्रोजन ऑक्साइड, ओझोन, झाडांचे वायू आणि पीएम २.५ मधले घटक मोजा. बोगदा सुरू होण्याआधीपासून मोजा आणि आकडे दर महिन्याला मराठीत जाहीर करा.

२) घोडबंदर आणि पूर्व द्रुतगती महामार्गावर जड वाहनांच्या वेळा कागदावर नको, रस्त्यावर पाळा.

३) टीएमटीच्या डिझेल बस बदलण्याची तारीख सांगा. "लवकरच" ही तारीख नसते.

४) स्वच्छ हवेच्या निधीतला किती पैसा धुळीवर आणि किती धुरावर गेला, याचा हिशेब महापालिकेने द्यावा.

महामार्ग, रेल्वे आणि खाडी यांच्या मधोमध आपलं कोपरी. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अहवालात ठाण्याच्या केंद्रांत कोपरीचं नाव असतं, तिथे नायट्रोजन ऑक्साइडही मोजलं जातं. तो आकडा बघायची सवय लावा. नायट्रोजन डायऑक्साइडची आपली वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची १०. म्हणजे "मर्यादेत आहे" असं कोणी म्हणालं की विचारा, कोणाच्या मर्यादेत?

आमदार-नगरसेवक मतं मागायला येतील तेव्हा "किती झाडं लावली" एवढंच विचारू नका. धूर किती कमी केला, तेही विचारा. झाडं आपलं काम करतायत. त्यांच्या जिवावर धूर सोडणं बंद करा.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण मुद्द्यावर.