‘गिअरबॉक्स गेला’ म्हणण्याआधी

कुवेत, दुबई किंवा सौदीत पंधरा-वीस वर्षे काढून आलेला माणूस गावी गाडी घ्यायची म्हटली की पहिली अट घालतो, गाडी ऑटोमॅटिक हवी. तिकडे क्लच दाबायची सवयच राहिलेली नसते. शिवाय अब्बांचा डावा गुडघा दुखतो, सून नुकतीच गाडी शिकते आहे. नवी परवडत नाही, म्हणून मुंबई-पनवेलकडून आठ-दहा वर्षे वापरलेली गाडी आणली जाते. आमच्या गुहागर तालुक्यात, शृंगारतळीच्या बाजारात उभे राहिले तरी अशा गाड्या सहज दिसतात. काही महिने सगळे ठीक चालते. मग एके दिवशी गाडी चढावर ओढत नाही आणि कोणीतरी सांगतो, ‘गिअरबॉक्स गेला.’

हे वाक्य फार महागात पडते. जुन्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलून बांधायचा खर्च कधीकधी गाडीच्या बाजारभावाजवळ जातो. वर्गात मूल आजारी दिसले की आपण आधी कपाळाला हात लावतो, लगेच ऑपरेशनचे बोलत नाही. इथेही तसेच करायला हवे.

पहिला प्रश्न, गाडीत कोणत्या जातीचा ऑटोमॅटिक आहे? लोक सगळ्यांना एकच नाव देतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. जुन्या सँट्रो आणि आय-टेन ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवून एक सुरू केला तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. इथे वाऱ्याच्या जागी तेल असते. २०१४ पासूनच्या पेट्रोल होंडा सिटीत सीव्हीटी मिळतो, म्हणजे दोन पुल्या आणि त्यांवरचा पट्टा. तुमच्या अ‍ॅक्टिव्हातही तत्त्व तेच, फक्त कारमधला पट्टा धातूचा असतो. २०१४ साली आलेल्या सेलेरिओत आणि नंतरच्या वॅगन-आरमध्ये एएमटी आहे. त्यात गिअरबॉक्स साधाच, मॅन्युअल गाडीसारखा. क्लच दाबणे आणि गिअर बदलणे ही कामे तेवढी यंत्र करते. पोलो जीटी टीएसआयसारख्या गाडीत दोन क्लचचा डीएसजी असतो. त्याचे निदान त्याचे खास काम करणाऱ्याकडेच करावे, गावच्या गॅरेजमध्ये नको.

हा फरक माहीत असला तर बरीच भीती तिथेच कमी होते. एएमटी गाडीत इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे झाले तर बहुतेक वेळा क्लचप्लेट झिजलेली असते. क्लचप्लेट मॅन्युअल गाडीतही बदलावीच लागते. तिच्यासाठी ‘पूर्ण गिअरबॉक्स बदला’ म्हणणाऱ्या मेकॅनिकला आधी क्लच दाखवायला सांगा. चढावर ब्रेक न लावता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी रोखून धरायची सवय एएमटीचा क्लच जाळते. गल्फमधून आलेल्या भावांनी हे विशेष लक्षात ठेवावे. तिथल्या गाड्यांना ते काही काळ खपते, इथल्या एएमटीला खपत नाही.

टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीच्या गाड्यांत खरी साक्ष देते ती थंड गाडी. गाडी घ्यायला जायचे तर फज्रनंतर लवकर जा आणि मालकाला आदल्या दिवशीच सांगा, मी येईपर्यंत सुरू करू नका. पोहोचताच बोनेटला हात लावा. ते कोमट असेल तर कोणीतरी गाडी आधीच गरम करून ठेवली आहे. गिअरबॉक्सच्या आतली रबरी सीले जुनी होऊन कडक झाली की थंडीत तेलाचा दाब नीट धरत नाहीत. गरम झाल्यावर ती थोडी सैल होतात आणि दोष लपतो. म्हणून गाडी थंड असताना सुरू करा, ब्रेक दाबून लिव्हर ‘एन’वरून ‘डी’वर आणा आणि मनात मोजा. साधारण एका सेकंदात गाडीने हलकेच धरायला हवे. दोन-तीन सेकंद काहीच झाले नाही आणि मग दणका बसला, तर आत तेल कमी आहे किंवा झीज झाली आहे. ‘आर’मध्येही असेच पाहा. कधी पुढचे गिअर ठीक असतात आणि फक्त मागे जाताना गाडी धरत नाही.

उलट काही दोष गाडी गरम झाल्यावरच उघडे पडतात, कारण तापलेले तेल पातळ होते. त्यामुळे गल्लीत एक फेरी मारून भागत नाही. आमच्याकडे गुहागर ते चिपळूण, मार्गताम्हाण्यावरून, साधारण ४५ किलोमीटरचा चढउताराचा रस्ता आहे. परीक्षेला यापेक्षा चांगला रस्ता कशाला हवा? गिअर बदलताना आरपीएमचा काटा एकदम वर उडाला आणि वेग तसाच राहिला, तर आतला क्लच सटकतो आहे. ताशी ५०-६० च्या वेगाने हलक्या पायाने जाताना गाडी बारीक दगडांवरून चालल्यासारखी थरथरली, तर कन्व्हर्टरच्या लॉकवर संशय घ्या. गाडी एकाच गिअरमध्ये अडकून राहिली, तर संगणकाने स्वतःच गाडी जपायचा पवित्रा घेतला आहे. अशा वेळी आधी स्कॅनर लावून कोड वाचून घ्या. पी०७०० हा कोड फक्त ‘गिअरबॉक्सच्या संगणकाला काहीतरी सांगायचे आहे’ एवढेच कळवतो. खरी तक्रार त्याच्यासोबतच्या दुसऱ्या कोडमध्ये असते. नुसता पी०७०० दाखवून खर्चाचा आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

मग तेल. जुन्या गाड्यांत त्यासाठी वेगळी डिपस्टिक असते. गाडी सपाट जागी आणि गरम हवी. मात्र इंजिन चालू ठेवून पाहायचे की बंद करून, हे कंपनीप्रमाणे बदलते, त्यामुळे गाडीची पुस्तिका पाहा. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका. लालसर असेल तर ठीक. तपकिरी झाले असेल तर बदलायची वेळ झाली. काळे आणि जळका वास असेल तर आतली प्लेट जळली आहे. डिपस्टिक नसलेल्या गाडीत हे काम गॅरेजमध्ये गाडी वर उचलूनच होते. आणि प्रत्येक गिअरबॉक्सचे तेल वेगळे असते. सीव्हीटीत साधे ऑटोमॅटिकचे तेल घातले तर चांगली गाडीही बिघडते.

तेल गुलाबी दुधासारखे दिसले, तर आत पाणी गेले आहे. ही खूण आपल्या भागात विशेष महत्त्वाची. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. गिअरबॉक्सला हवा जाण्यासाठी वर छोटी नळी असते, पुरात त्यातूनच पाणी आत शिरते. बुडालेली गाडी धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकली जाऊ शकते, किंवा दुसरीकडची बुडालेली इकडे येऊ शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, त्यावर चिखलाची रेघ राहते. सीटखालचे स्क्रू गंजलेले आहेत का आणि गालिच्याखाली कुबट वास येतो का, तेही तपासा. विम्याचे जुने कागद मागा. सौद्यात ऐब लपवायचा नसतो, हे आपल्या घरात लहान मुलालाही माहीत असते. विकणाऱ्याला सरळ विचारायला संकोच वाटू देऊ नका. आणि उद्या आपण ती गाडी विकायला काढू, तेव्हा पुढचा माणूस विचारेपर्यंत थांबू नये.

कधी बिचाऱ्या गिअरबॉक्सचा काही दोषच नसतो. इंजिनाची माउंटिंगची रबरे फाटली की ‘डी’ टाकताच दणका बसतो. बॅटरी कमजोर असली की संगणक गोंधळतो. लिव्हर ‘पी’मधून हलतच नसेल तर ब्रेकलाइट पेटतो का पाहा. त्याचा स्विच खराब असला तरी बऱ्याच गाड्यांत लिव्हर अडकतो. ही सगळी कामे स्वस्तात होतात.

खरोखरच गिअरबॉक्स बदलायची वेळ आली, तर मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे भाग मिळतात. गिअरबॉक्सवरचा क्रमांक जुळवून घ्या आणि त्याचे तेल तिथेच, डोळ्यांसमोर काढायला लावा. रंग कसा पाहायचा ते वर आलेच आहे.

आणि गाडी रस्त्यात बंद पडली तर ती दोरीने ओढून चिपळूणला नेऊ नका. टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटीच्या गाडीत इंजिन बंद असले की तेलाचा पंप बंद, आणि चाके फिरत राहिली की आतले भाग कोरडे घासतात. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांची पुढची चाके ओढणारी असतात, तीच उचलायला सांगा. पूर्ण गाडी ट्रकवर चढवून नेली तर आणखी बरे.