तुरीवरील अळी आणि फवारणीचा निर्णय

शहरातील नोकरदाराला तुरीची आठवण होते ती डाळ महागल्यावर. २०१५ साली तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली, तेव्हा आयात, साठेबाजी आणि सरकारी धोरण यांवर रकानेच्या रकाने लिहिले गेले. परंतु शेंगा भरण्याच्या दिवसांत शेतातच किती डाळ नाहीशी होते, हा प्रश्न त्या चर्चेत फारसा कोणी विचारला नाही.

कपाशीवर जिला अमेरिकन बोंडअळी म्हणतात आणि हरभऱ्यावर घाटेअळी, तीच तुरीवरील शेंगा पोखरणारी अळी होय. पतंगाची मादी कळ्या-फुलांवर सुटी सुटी अंडी घालते. त्यांतून निघालेली अळी प्रथम कोवळा भाग खाते आणि मोठी झाली की शेंगेत तोंड खुपसून, अर्धे अंग बाहेर ठेवून दाणे फस्त करते. तिच्या जोडीला पिसारी पतंग आणि शेंगमाशी आहेतच. शेंगमाशीची अळी तर दाणा खाऊन कोषही शेंगेतच करते. बाहेरून काहीच कळत नाही. अळी लहान असताना जी मात्रा पुरते, ती पुढे पुरत नाही. भोके पडलेल्या शेंगा पाहून पंप पाठीवर घेणारा शेतकरी म्हणूनच बहुधा उशिरा पोहोचलेला असतो. उलट, तूर आपली बहुतांश फुले स्वभावतःच गाळते; ती गळ पाहून घाबरलेला शेतकरी गरज नसताना फवारतो. दोन्हीकडे पैसा जातो.

या अनाठायी फवारणीची किंमत आपण एकदा मोजली आहे. ऐंशीच्या दशकात सायपरमेथ्रिन, फेनव्हॅलरेट यांसारखी सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधे आली आणि अळीचा प्रश्न सुटला असेच सर्वांना वाटले. १९८७ साली किनारी आंध्रातील कपाशीवर हीच अळी त्या औषधांना दाद देईनाशी झाली. शेतकऱ्यांनी फवारण्या वाढविल्या; कर्ज वाढले, अळी कमी झाली नाही, आणि गुंटूर-प्रकाशम भागात कर्जबाजारी शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. प्रत्येक फवारणीतून वाचलेल्या अळ्यांचीच प्रजा पुढे वाढते आणि त्यांना खाणारे मित्रकीटक व कोळी मात्र आधी मरतात, हे साधे गणित होते. आज इंडोक्साकार्ब, इमामेक्टिन, क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल ही नवी नावे शेतकऱ्याच्या तोंडी आहेत. औषधे चांगली आहेत. पायरेथ्रॉइडेही चांगलीच होती.

कीटकनाशक वापरूच नये, असे म्हणणाऱ्यांपैकी प्रस्तुत लेखक नाही. हंगामभर राबून उभे केलेले पीक अळीच्या स्वाधीन करण्याचा उपदेश शहरात बसून करणे सोपे असते. झाड हलवून अळ्या पोत्यावर पाडण्याची जुनी रीत गुणकारी खरी, पण आजच्या मजुरीत ती किती एकरांना परवडेल? प्रश्न आहे तो फवारणीचा निर्णय कोण घेतो, हा. कृषी विद्यापीठे सांगतात : कळ्या येताना ५ टक्के निंबोळी अर्क, शेतात पक्षिथांबे, हेक्टरी पाच कामगंध सापळे; सापळ्यात सलग दोन-तीन दिवस आठ-दहा पतंग सापडू लागले तरच रासायनिक औषध. प्रत्यक्षात औषध ठरते ते दुकानाच्या काउंटरवर. दुकानदार उधार देतो, म्हणून त्याचा सल्ला ऐकावा लागतो. आणि जो बाटली विकून जगतो, तो ‘आठ दिवस थांबा’ असे कशाला सांगेल? दोन-तीन औषधे एकत्र करून देण्याची चालही इथलीच.

यात औषध मारणाऱ्या मजुराचा विचार कोणी करीत नाही. फुलोऱ्यातील तूर डोक्याच्या वर गेलेली असते. पंपाची नळी वर धरावी लागते आणि औषध अंगावरच उतरते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले. तिथेही उंच वाढलेल्या कपाशीची चर्चा झाली होती. कीटकनाशक कायदा १९६८चा आहे. त्याची जागा घेणारे विधेयक २०२० साली राज्यसभेत मांडले गेले. परंतु काउंटरवरचा सल्ला आणि उधारी यांचे नाते निव्वळ कायद्याने तुटणारे नव्हे.

महाराष्ट्राने २००९-१० पासून कीड-सर्वेक्षणाचा ‘क्रॉपसॅप’ हा प्रकल्प चालविला आणि त्यात तूर व हरभरा यांचाही समावेश केला. निरीक्षणे घ्यावयाची आणि त्यांवरून सल्ला द्यावयाचा, ही त्याची पद्धत योग्यच आहे. मग गावातील सापळ्यांत काल किती पतंग पडले, हा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज का लिहिला जाऊ नये? त्याला वेगळे अनुदान लागत नाही. माध्यमिक शाळेतील विज्ञान-शिक्षक आणि चार विद्यार्थीही सापळे मोजू शकतील. फळ्यावर ‘दोन’ लिहिलेले असताना बाटली घ्यावयाची की नाही, हे मग शेतकरी दुकानाची पायरी चढण्यापूर्वीच ठरवील.