शोकाला जागा हवी

घरात मय्यत झाली की माणसे जमतात, जनाज्याची नमाज होते, मिट्टी दिली जाते. त्यानंतरच घर हळूहळू सावरते. पण ज्यांच्या हाती मय्यतच आली नाही, त्यांनी कुठे उभे राहून दुआ करावी? बोस्नियातील स्रेब्रेनिकाच्या आयांनी याचे दिलेले उत्तर आपण सर्वांनी समजून घ्यावे, असे आम्हांला वाटते.

संयुक्त राष्ट्रसंघाने १९९३ मध्ये स्रेब्रेनिका ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केले होते. तरीही ११ जुलै १९९५ रोजी ते बोस्नियन सर्ब फौजेच्या हाती पडले. हजारो लोक जवळच्या पोटोचारी येथील डच शांतिसैनिकांच्या तळाकडे धावले. तिथे पुरुष आणि मुलगे बायकांपासून वेगळे काढले गेले. पुढच्या काही दिवसांत आठ हजारांहून अधिक मुस्लिम पुरुष व मुलगे मारले गेले. गुन्हा लपवण्यासाठी सामूहिक कबरी यंत्रांनी उकरून अवशेष दुसरीकडे पुरण्यात आले. त्यामुळे एकाच माणसाची हाडे वेगवेगळ्या खड्ड्यांत सापडली. नातेवाइकांच्या रक्ताशी डीएनए जुळवून ओळख पटवावी लागली.

युद्धानंतर पोटोचारी सर्ब प्रशासनाच्या भागात गेले. दफनासाठी दुसरी जागा निवडणे सोपे होते. पण आयांनी आग्रह धरला : आमच्या माणसांना जिथे शेवटचे पाहिले, तिथेच. २००० मध्ये जागा मंजूर झाली आणि मार्च २००३ मध्ये पहिले ६०० जण तिथे दफन झाले. आजही दर ११ जुलैला नव्याने ओळख पटलेल्यांचा जनाजा तिथे होतो.

ही जागा साधी आहे. नमाजसाठी मोकळी जागा, नावे कोरलेल्या शिळा आणि पांढऱ्या कबरशिळांच्या रांगा. एका दगडावर ८३७२ हा आकडा आहे आणि त्यापुढे टिंबे. कारण मोजणी संपलेली नाही. ज्यांची कबर नाही, त्यांचेही नाव शिळेवर वाचता येते. दगडावर कोरलेल्या दुआत सूड मागितलेला नाही.

आइडा शेहोविच या कलावंत बाईंनी वेगळीच वाट काढली. कुटुंबांकडून कॉफीचे छोटे पेले गोळा करून २००६ पासून त्या दरवर्षी एका शहराच्या चौकात ते मांडत. येणारेजाणारे त्यांत कॉफी ओतत, पण पीत कोणी नसे. २०२० मध्ये हे पेले पोटोचारीलाच मांडले गेले. पिणारा नाही, हे सांगायला भाषण लागले नाही.

करोनाच्या काळात आपल्याकडेही कित्येकांना बापाला, भावाला मिट्टी देता आली नाही. तो आघात आणि हा नरसंहार एक नव्हे. पण निरोप राहून गेल्याचे दुःख त्या घरांत अजून आहे. त्यांच्यासाठी आपल्या जमातीने काही करावे. झाडाची सावली, दोन बाक, पिण्याचे पाणी आणि गेलेल्यांच्या नावांची नोंदवही एवढे पुरे. देणगीदारांच्या नावाची फरशी नको. बायकांनी कब्रस्तानात जाण्याबद्दल मतभेद आहेत, तर ही जागा फाटकाबाहेर किंवा मशिदीच्या आवारात करावी. मात्र ती कुठे असावी, हे कमिटीने ठरवण्याआधी त्या घरांतल्या आयाबहिणींना विचारावे. पोटोचारीत त्यांचेच ऐकले गेले.