उंदराचे हृदय, माणसाचा आजार

उंदराला भूल देऊन छाती उघडायची, महाधमनीच्या कमानीला २७ गेजची सुई टेकवून दोन्हींभोवती रेशमी दोरा बांधायचा आणि सुई काढून घ्यायची. उरते जेमतेम ०.४ मिलिमीटरची वाट. तिच्यातून रक्त ढकलता ढकलता हृदयाची भिंत जाड होते, काही आठवड्यांत हृदय फुगते आणि थकते. हृदय निकामी होण्याचा हा प्रयोगशाळेतला नमुना जगभर वापरला जातो. पण हा उंदीर बहुधा तरुण, धडधाकट. आपला रुग्ण साठीपुढचा, मधुमेही, वर्षानुवर्षे रक्तदाब अंगावर काढलेला. इटानरसेप्ट हे औषध प्राण्यांत आशादायक ठरले आणि माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांत फसले, यात नवल ते काय?

मग प्राणी वगळाच, असे कुणी म्हणेल. भारतात औषध-चाचण्यांच्या नियमांतील २०२३च्या दुरुस्तीने मानवी पेशींवरच्या चाचण्यांना वाट दिली, हे चांगलेच झाले. पण बशीतल्या पेशींचे पाय सुजत नाहीत, त्यांना मूत्रपिंडही नसते. हा आजार साऱ्या देहाचा आहे. म्हणून नमुनाच सुधारायला हवा. २०१९मध्ये संशोधकांनी उंदरांना चरबीयुक्त खाद्य आणि रक्तदाब वाढवणारे रसायन एकत्र दिले. हृदय नीट आकुंचन पावते पण सैल होत नाही, हा माणसातला प्रकार त्यांच्यात बराचसा उतरला. असे प्रयोग महाग आणि वेळखाऊ, हे खरे. पण चुकीच्या नमुन्यापायी मारलेला उंदीर स्वस्त कसा? निधी देणाऱ्या संस्थांनी प्रस्तावातच विचारावे: प्राण्याचे वय काय, नर की मादी, आणि सोबतचे आजार कोणते?